हरलेल्या सामन्याचे पैसे परत मिळतात का?

24 ऑक्टोबर 2024, पुण्याजवळचं गहुंजे. भारत आणि न्यूझीलंड यांच्यातल्या दुसऱ्या कसोटीचा पहिला दिवस. ऑक्टोबरचं ऊन तापलेलं, बहुतेक स्टँडवर छप्पर नाही आणि स्टेडियममध्ये प्यायचं पाणी कमी पडलेलं. रांगेत उभं राहून दमलेल्या प्रेक्षकांनी महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या विरोधात घोषणा द्यायला सुरुवात केली. मग बाटल्या वाटल्या गेल्या, असोसिएशनच्या सचिवांनी प्रेक्षकांची जाहीर माफी मागितली आणि पुढच्या दिवसांत असं होणार नाही असं सांगितलं.

तिसऱ्याच दिवशी सामना संपला. मिचेल सँटनरने दोन डावांत मिळून 13 बळी घेतले, भारत 113 धावांनी हरला आणि घरच्या मैदानावर सलग 18 कसोटी मालिका जिंकण्याची परंपरा गहुंज्यात खंडित झाली. त्याबद्दल कुणी प्रेक्षकांची माफी मागितली नाही, आणि मागायची गरजही नव्हती.

एकाच मैदानावर, एकाच सामन्यात प्रेक्षकाची दोनदा निराशा झाली. पण या दोन निराशांची जात वेगळी आहे. संघ किंवा आयोजक नाराज चाहत्यांसाठी काही करतात, कधी पैसे परत देतात, कधी पुढचं तिकीट फुकट देतात, कधी जाहीर पत्र लिहितात, तेव्हा आधी एक गोष्ट पाहायला हवी: जे दिलं जातंय ते आपलं येणं होतं की खरोखर वरचं काही होतं? माझ्या मते चाहत्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. आपल्या हक्काचं जे होतं ते भेट म्हणून हातात ठेवलं जातं आणि आपण आभार मानून घरी येतो.

तिकीट काढताना आपण नेमकं काय विकत घेतो?

बालगंधर्वला नाटक पाहिलं आणि आवडलं नाही, तर कुणी बुकिंगच्या खिडकीवर जाऊन पैसे मागत नाही. पण दुसऱ्या अंकात ध्वनिव्यवस्था बंद पडली आणि प्रयोग तिथेच थांबला, तर मागतो. खेळाचंही तसंच आहे. तिकीट म्हणजे सामना पाहण्याची परवानगी, त्यासाठी एक जागा आणि त्या जागेवर माणसासारखं बसता येईल एवढी सोय. निकाल त्यात येत नाही. चुरस येत नाही. आवडता खेळाडू खेळेल याची हमीही सहसा येत नाही.

अमेरिकेत हे न्यायालयात तपासलं गेलं आहे. 2007 मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्स या अमेरिकन फुटबॉल संघाने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरून चित्रित केल्याचं उघड झालं. न्यूयॉर्क जेट्सच्या एका तिकीटधारकाने दावा लावला की आम्ही प्रामाणिक सामना पाहायला पैसे भरले होते, ते परत द्या. 2010 मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की तिकिटाने तुम्हाला जागा मिळाली आणि सामना पाहायला मिळाला, करार तिथे पूर्ण झाला. समोरच्या संघाने लबाडी केली तरी प्रेक्षकाचं येणं निघत नाही, इतकी ही रेषा कडक आहे.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सेवेची जी व्याख्या आहे, तिच्यात मनोरंजनाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे पैसे भरून सामना पाहणारा माणूस कायद्याच्या नजरेत ग्राहक आहे. सामना हरला ही सेवेतली त्रुटी होत नाही. विकलेली जागा मिळालीच नाही, जागेवरून मैदानाऐवजी खांब दिसला, तिकीट असून आत सोडलं नाही, उन्हात पाणी मिळालं नाही, या तक्रारी मात्र त्रुटीच्या खात्यात मांडता येतात.

पावसाचा प्रश्न या दोहोंच्या मध्ये येतो. पावसाला आयोजक जबाबदार नाही, पण प्रेक्षकालाही सामना मिळालेला नाही. म्हणून त्याचा निकाल तिकिटाच्या अटींमध्ये आधीच लिहून ठेवतात. आपल्याकडे साधारण पद्धत अशी की एकही चेंडू पडला नाही तर पैसे परत, खेळ थोडा जरी झाला तर नाही. इंग्लंडमध्ये कसोटीच्या दिवसासाठी पायऱ्या ठरवलेल्या असतात: अगदीच कमी षटकं झाली तर पूर्ण परतावा, त्याहून थोडी जास्त झाली तर निम्मा. मला ती पद्धत अधिक न्याय्य वाटते. दोन षटकं होऊन सामना वाहून गेला, तर सोमाटणे फाट्याच्या गर्दीतून किंवा बेगडेवाडी स्टेशनावरून चालत गहुंज्याला पोचलेल्या माणसाला ती दोन षटकं पाहिल्याचं काय समाधान?

17 मे 2025 ला बंगळूरमध्ये रॉयल चॅलेंजर्स बंगळूर आणि कोलकाता यांचा आयपीएल सामना नाणेफेक न होताच पावसात गेला. विराट कोहलीने त्याच महिन्यात कसोटीतून निवृत्ती घेतली होती, म्हणून कितीतरी लोक पांढरे कपडे घालून आले होते. संघाने सगळ्या तिकिटांचे पैसे परत देण्याचं जाहीर केलं. चांगलं झालं, वेळेत झालं. पण हा परतावा म्हणजे औदार्य नव्हे.

मग औदार्य कशाला म्हणायचं?

जिथे काहीच देणं लागत नव्हतं आणि तरी दिलं, तिथे तो शब्द शोभतो. याची सगळ्यात ठळक उदाहरणं इंग्लिश फुटबॉलमध्ये सापडतात. नोव्हेंबर 2009 मध्ये विगन ॲथलेटिक हा छोटा क्लब लंडनला जाऊन टॉटनहॅमकडून 9-1 असा हरला. विगनच्या खेळाडूंनी तिथवर आलेल्या आपल्या चाहत्यांच्या तिकिटांचे पैसे स्वतः भरून दिले. ऑगस्ट 2011 मध्ये आर्सेनल मँचेस्टर युनायटेडकडून 8-2 हरलं, तेव्हा क्लबने त्या प्रवासी चाहत्यांना पुढच्या एका बाहेरगावच्या सामन्याचं तिकीट देऊ केलं. ऑक्टोबर 2014 मध्ये संडरलँड साउदॅम्प्टनमध्ये 8-0 हरलं. संडरलँड इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, साउदॅम्प्टन दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे जवळजवळ अख्खा देश ओलांडून सुमारे 2,500 चाहते गेले होते. त्यांचे पैसे खेळाडूंनी परत केले. एप्रिल 2023 मध्ये टॉटनहॅमवर न्यूकॅसलमध्ये 21 मिनिटांत पाच गोल झाले, शेवट 6-1 झाला आणि परतावा पुन्हा खेळाडूंकडूनच आला.

या सगळ्यांत पैसे किंवा तिकीट मिळालं ते बाहेरगावी गेलेल्या चाहत्यांना. याची दोन कारणं आहेत. एक तर त्यांचा खर्च आणि दगदग सगळ्यात जास्त. रात्री उशिरा परतीची गाडी, दुसऱ्या दिवशी कामावर हजेरी, आणि या सगळ्यात तिकीट हा खर्चाचा लहानसा भाग. दुसरं, ते मोजके असतात, त्यामुळे आकडा आवाक्यात राहतो. प्रीमियर लीगमध्ये 2016-17 च्या हंगामापासून पाहुण्या चाहत्यांच्या तिकिटाला 30 पौंडांची कमाल मर्यादा आहे. 3,000 चाहते धरले, तर रक्कम होते 90,000 पौंड. संघातल्या वीस-पंचवीस जणांत ती वाटली गेली तर कुणालाच जड नाही. तिथल्या अव्वल खेळाडूंचे साप्ताहिक पगार लाख पौंडांच्या वर जातात.

म्हणून काही लोक अशा परताव्याला स्वस्तातली प्रसिद्धी म्हणतात. मला तसं वाटत नाही. रक्कम छोटी असली तरी ती कुणाच्या खिशातून येते याला अर्थ आहे. क्लबने दिली तर तो जमाखर्चातला एक आकडा होतो. खेळाडूंनी दिली तर त्यांनी त्या दिवसाची जबाबदारी स्वतःवर घेतली असं होतं, आणि चाहत्याला पैशांपेक्षा तेच हवं असतं.

ऑक्टोबर 2019 मध्ये साउदॅम्प्टन स्वतःच्याच मैदानावर लेस्टरकडून 9-0 हरलं. घरच्या मैदानावरचे हजारो प्रेक्षक, त्यांना परतावा देणं फार मोठं काम झालं असतं. खेळाडू आणि प्रशिक्षकांनी त्या दिवसाचं वेतन क्लबच्याच धर्मादाय संस्थेला दिलं. प्रत्यक्ष प्रेक्षकाच्या हाती काही आलं नाही, तरी शहरातल्या गरजूंपर्यंत काहीतरी पोचलं. त्याच हंगामात, जानेवारी 2020 मध्ये, हाच संघ लेस्टरला जाऊन 2-1 ने जिंकून आला. माझ्या दृष्टीने हा सगळ्यात सुंदर परतावा, पण तो ठरवून देता येत नाही.

चाहता इतका दुखावतो का, हेही समजून घ्यायला हवं. 1976 मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा संघ जिंकला की सोमवारी वर्गात त्या विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त दिसायचे. जिंकल्यावर विद्यार्थी ‘आपण’ जिंकलो म्हणायचे, हरल्यावर ‘ते’ हरले. पुढच्या अभ्यासकांनी याची दुसरी बाजू दाखवली: अपयशी गटापासून माणसं अंतर राखू लागतात. पेठेतल्या कट्ट्यावर सामना पाहताना हे आपण सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. संघासाठी धोका असतो तो या अंतराचा. एका पराभवाने कुणी संघ सोडत नाही. पण आपली कुणाला फिकीरच नाही असं वाटलं, की ‘आपण’चं ‘ते’ होतं आणि तसंच राहतं. वेळेवर केलेली कृती हे अंतर वाढू देत नाही.

पैशांच्या हिशेबातही हे बसतं. आयपीएलचे 2023 ते 2027 या पाच वर्षांचे प्रसारण हक्क 48,390 कोटी रुपयांना विकले गेले. एवढ्या रकमेपुढे एका सामन्याची तिकीटविक्री किरकोळ आहे. पण रिकाम्या खुर्च्यांसमोर चाललेला सामना टीव्हीवर कुणाला पाहवत नाही, म्हणजे प्रक्षेपणाची किंमतही शेवटी मैदानात ओरडणाऱ्या माणसावर उभी आहे. त्याला सांभाळणं संघाच्या फायद्याचं आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

चुकलेली कृती कशी दिसते?

नोव्हेंबर 2023 मध्ये लास वेगसला फॉर्म्युला वन शर्यत होती. गुरुवारच्या पहिल्या सरावात रस्त्यावरचं एक झाकण उखडून फेरारीच्या गाडीखाली आपटलं आणि जेमतेम आठ मिनिटांत सराव थांबला. दुसरा सराव मध्यरात्रीनंतर बऱ्याच वेळाने सुरू झाला, पण त्याआधीच प्रेक्षकांना बाहेर काढलं होतं. फक्त गुरुवारचं तिकीट असलेल्यांना आयोजकांनी 200 डॉलरचं कूपन देऊ केलं, तेही शर्यतीच्याच दुकानात टोप्या-शर्ट घेण्यासाठी. निवेदनात कारणं होती, माफीचा शब्द नव्हता. ज्याला शर्यत पाहायची होती त्याला शर्ट घ्यायला सांगितलं. प्रकरण न्यायालयात गेलं.

फेब्रुवारी 2024 मध्ये हाँगकाँगला लिओनेल मेस्सीला पाहायला स्टेडियम भरलं होतं. दुखापतीमुळे तो पूर्ण वेळ बाकावर बसून राहिला, आणि सामना बराच पुढे जाईपर्यंत प्रेक्षकांना कुणी धड काही सांगितलं नाही. तीन दिवसांनी तो टोकियोत मैदानात उतरला आणि हाँगकाँगमधला संताप दुप्पट झाला. आयोजकांनी अखेर निम्मे पैसे परत देण्याचं जाहीर केलं. रक्कम कमी नव्हती. कमी पडली ती वेळेवर दिलेली खरी माहिती.

ग्राहकसेवेचा अभ्यास करणारे अशा वेळी न्यायाच्या तीन बाजू सांगतात: किती मिळालं, किती सहज आणि लवकर मिळालं, आणि देणारा आपल्याशी कसा वागला. लास वेगस तिसऱ्या बाजूवर सपशेल पडलं आणि पहिल्यावरही, कारण कूपन म्हणजे पैसे नव्हेत. दुसरी बाजू आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. परतावा जाहीर होतो, पण बुकिंगचं शुल्क वगळून, फॉर्म भरून, मेल पाठवून, वाट पाहून. मूळ खात्यात आपोआप जमा झालेले पैसे आणि मागून मागून मिळालेले पैसे, आकडा एकच असला तरी सारखे नसतात.

याउलट 2005 ची इंडियानापोलिसची फॉर्म्युला वन शर्यत. मिशेलिनचे टायर तिथल्या वळणावर सुरक्षित नव्हते, म्हणून मिशेलिनवाल्या चौदा गाड्या सुरुवातीच्या फेरीनंतर बाजूला झाल्या आणि शर्यत सहाच गाड्यांची झाली. लोकांनी ट्रॅकवर बाटल्या फेकल्या. मिशेलिनने प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे परत देण्याचं मान्य केलं आणि शिवाय 2006 च्या शर्यतीची 20,000 तिकिटं विकत घेऊन 2005 मध्ये आलेल्यांना देण्याची व्यवस्था केली. ज्याच्यामुळे नुकसान झालं त्याने भरलं, जे गमावलं तेच दिलं, आणि वर थोडं अधिक. मला तरी याहून नीट उदाहरण माहीत नाही.

सदिच्छा हा शब्द जिथे अपुराच नव्हे तर चुकीचा ठरतो अशीही एक जागा आहे. 4 जून 2025 ला बंगळूरमध्ये रॉयल चॅलेंजर्सच्या आयपीएल विजयोत्सवाच्या वेळी चेंगराचेंगरीत 11 जणांचा मृत्यू झाला. संघाने आधी प्रत्येक कुटुंबाला 10 लाख आणि नंतर 25 लाख रुपये देण्याचं जाहीर केलं. ती मदत त्या कुटुंबांना मिळायलाच हवी. पण गर्दीच्या सुरक्षेची जबाबदारी कोणाची होती, या प्रश्नाचं उत्तर चौकशीतूनच यायला हवं, धनादेशातून नाही.

पुण्याला आलेली गाडी

आपल्या शहराशी थेट जोडलेलं उदाहरण एप्रिल 2018 चं आहे. दोन वर्षांच्या निलंबनानंतर चेन्नई सुपर किंग्ज आयपीएलमध्ये परतली होती. कावेरी पाणीवाटपावरून तमिळनाडूत आंदोलन पेटलं होतं, 10 एप्रिलच्या चेपॉकवरच्या सामन्यात मैदानात बूट फेकले गेले आणि चेन्नईचे उरलेले घरचे सामने गहुंज्याला हलवले गेले. दोन वर्षं वाट पाहिलेल्या चाहत्यांच्या वाट्याला एकच सामना आला. यात संघाची चूक नव्हती. तरी संघाने चेन्नईहून पुण्यापर्यंत एक विशेष रेल्वेगाडी ठरवली, सुमारे एक हजार चाहत्यांना प्रवास, जेवण आणि तिकिटासह इथे आणलं. 20 एप्रिलच्या त्या सामन्यात शेन वॉटसनने राजस्थानविरुद्ध 106 धावा केल्या आणि चेन्नई 64 धावांनी जिंकली. पैसे परत देणं सोपं होतं. संघाने त्याऐवजी सामनाच परत दिला.

त्या गाडीकडे पुणेकर म्हणून पाहताना मला आनंदाबरोबर थोडी हुरहूरही वाटते. चेन्नई आणि राजस्थान निलंबित होते म्हणूनच 2016 मध्ये पुण्याला दोन वर्षांसाठी संघ मिळाला होता. पहिल्याच वर्षी दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं आणि पुण्याचे घरचे सामने विशाखापट्टणमला गेले. मराठवाडा टँकरच्या पाण्यावर जगत असताना ते योग्यच होतं. दुसऱ्या वर्षी, 21 मे 2017 ला, हैदराबादच्या अंतिम सामन्यात पुणे मुंबईकडून एका धावेने हरलं आणि तोच त्या संघाचा शेवटचा सामना ठरला. त्याआधी पुणे वॉरियर्स 2011 ते 2013 अशी तीन वर्षं टिकली. फुटबॉलमधलं एफसी पुणे सिटी बालेवाडीत पाच हंगाम खेळलं आणि 2019 मध्ये त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली.

सामना हरला तर पुढचा सामना असतो. संघच गेला तर काय? त्या वेळी जर्सी घेतलेल्या, दर सामन्याला ढोल घेऊन जाणाऱ्या पोरांचं काय झालं, याची नोंद तिकिटाच्या कुठल्याच अटीत नसते. इथे थोडी कल्पकता दाखवता आली असती असं मला मनापासून वाटतं: चाहत्यांसोबत शेवटचा एक दिवस, खेळाडूंची भेट, स्थानिक मुलांच्या संघांना साहित्य. संघ विकत घेणाऱ्यांच्या खर्चात हे कुठे दिसलंही नसतं.

आता थोडं कामाचं. मैदानात जाण्याआधी तिकिटाच्या अटींमधलं परताव्याचं कलम वाचून ठेवा. ‘अजिबात परतावा नाही’ असं छापलेलं असलं तरी ते वाक्य शेवटचं नसतं, 2019 च्या कायद्याने एकतर्फी, अन्याय्य अटींना आव्हान द्यायची वाट ठेवली आहे. तिकिटाचा स्क्रीनशॉट आणि पैसे भरल्याचा मेसेज जपून ठेवा. जागेची, पाण्याची, प्रवेशाची अडचण आली तर त्याच वेळी वेळेसकट फोटो काढा आणि आयोजकांना लेखी कळवा, तोंडी नको. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि पुण्यात जिल्हा ग्राहक आयोगही आहे. पुढच्या सामन्याचं फुकट तिकीट किंवा कूपन देऊ केलं, तर ते घेतल्यावर मूळ तक्रार मिटली असं मानलं जाणार आहे का, हे स्वीकारण्याआधी लेखी विचारून घ्या.